फ्लोरिडात घर खरंच स्वस्त पडतं का?

जानेवारीतल्या एका संध्याकाळी न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या माझ्या मैत्रिणीने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. टँपाजवळचं घर होतं. तीन बेडरूम, मागे जाळी लावलेला लॅनाय, अंगणात लिंबाचं झाड, किंमत चार लाख डॉलर. पण तिचं बोट किमतीवर नव्हतं. खाली बारीक अक्षरांत ‘गेल्या वर्षीचा प्रॉपर्टी टॅक्स’ अशी ओळ होती, तिथे होतं. सुमारे दोन हजार डॉलर. “अगं, आम्ही इथे साडेदहा हजार भरतो,” ती म्हणाली. नवरा दोन वर्षांत रिटायर होणार, थंडीत त्याचे गुडघे आखडतात, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढणं आता दोघांनाही झेपत नाही. तिने मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

मी गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. उबेची ओढ मला पुरेपूर कळते, आणि कुणी जायचं म्हटलं तर मी अडवत नाही. पण अर्धवट हिशेबावर आयुष्याची कमाई घेऊन निघालेली माणसं पाहिली की जीव तुटतो. त्या दोन हजारांच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

“जाहिरातीत लिहिलाय तेवढाच टॅक्स”

तो टॅक्स घर विकणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा नव्हे. फ्लोरिडाच्या मतदारांनी १९९२ साली ‘सेव्ह अवर होम्स’ ही घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ती १९९५पासून लागू झाली. मालक स्वतः राहत असलेल्या घराचं करासाठीचं मूल्यांकन वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही. बाजारभाव दुप्पट झाला तरी नाही. पंचवीस वर्षं त्याच घरात राहिलेल्या माणसाचं मूल्यांकन त्यामुळे बाजारभावाच्या कितीतरी खाली असतं. घर विकलं की ही सवलत संपते, आणि पुढच्या १ जानेवारीला मूल्यांकन पुन्हा बाजारभावावर येतं.

मैत्रिणीच्या टेबलावर आम्ही कागदावर मांडलं. चार लाखांच्या घराचं मूल्यांकन जुन्या मालकाच्या नावावर असेल साधारण एक लाख साठ हजार. त्यातून मालक स्वतः राहतो त्या घराला मिळणारी साधारण पन्नास हजारांची ‘होमस्टेड’ सूट गेली, उरले एक लाख दहा हजार. दर १.८ टक्के धरला तर टॅक्स दोन हजारांच्या आसपास, म्हणजे जाहिरातीत दिसतो तोच. आता तिच्या नावावर: चार लाख वजा पन्नास हजार, उरले साडेतीन लाख, टॅक्स सहा हजार तीनशे. त्याच छपराखाली, त्याच लिंबाच्या झाडाशेजारी, तिपटीहून जास्त.

हा दणका पहिल्या वर्षी बसत नाही, म्हणून तो आणखी वाईट. पहिल्या वर्षीचं बिल बहुतेकदा जुन्याच मूल्यांकनावर येतं, कर्ज देणारी संस्था त्यावरून महिन्याचा हप्ता ठरवते आणि दुसऱ्या वर्षी फरकासकट वसुली निघते. होमस्टेडची सूटही आपोआप मिळत नाही. १ जानेवारीला त्या घरात कायमचा मुक्काम असावा लागतो आणि १ मार्चपर्यंत अर्ज करावा लागतो. आधीपासून तिथे असलेल्या मित्राचा टॅक्स ऐकूनही हुरळून जाऊ नका. फ्लोरिडातल्या एका घरातून दुसऱ्यात जाताना साठलेली सवलत सोबत नेता येते, न्यू जर्सीहून येणाऱ्याकडे नेण्यासारखं काही नसतं. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या संकेतस्थळावर त्या पत्त्याचं मूल्यांकन आणि बाजारभाव शेजारीशेजारी दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे, घर बघायला विमानाचं तिकीट काढण्याआधी ते करा.

त्याच बिलात आणखी एक ओळ शोधा: सीडीडी, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट. नव्या वसाहतीतले रस्ते, गटारं, तळी बांधायला काढलेलं कर्ज घरमालकांकडून वर्षानुवर्षं वसूल होतं. घराच्या किमतीत ते दिसत नाही, आणि एचओएची (घरमालक संघाची) वर्गणी त्याहून वेगळी असते.

“तिथे इन्कम टॅक्सच नाही!”

खरं आहे. फ्लोरिडात नाही, टेक्ससमध्येही नाही. नोकरी चालू असलेल्या, दोघं मिळून चांगलं कमावणाऱ्या जोडप्याचे त्यात खरोखर पैसे वाचतात. न्यू जर्सीत अशा जोडप्याचा दीड लाखांवरच्या करपात्र उत्पन्नावरचा दर ६.३७ टक्के आहे.

पण निवृत्तांचं काय? न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर मुळी करच लावत नाही. शिवाय जोडप्याचं बाकीचं उत्पन्न एक लाखापर्यंत असेल आणि वय ६२ पार झालं असेल, तर पेन्शन आणि ४०१-के मधून काढलेल्या रकमेला एक लाखापर्यंत सूट मिळते. दीड लाखापर्यंतच्या उत्पन्नाला ही सूट टप्प्याटप्प्याने कमी होत मिळते. माझ्याकडे येणारी कितीतरी मध्यमवर्गीय निवृत्त जोडपी राज्याला शून्य किंवा जवळजवळ शून्य इन्कम टॅक्स भरतात. जो कर मुळात भरतच नाही, तो वाचवण्यासाठी हजार मैल जायचं? प्रॉपर्टी टॅक्सची वाढ परत करणारी ‘सीनियर फ्रीझ’सारखी योजनाही राज्य सोडलं की सुटते. साडेदहा हजारांचा आकडा धरताना तिचाही विचार हवा.

टेक्सस तर ही भरपाई घरावरच्या करातून करतं. ह्यूस्टनच्या आसपासच्या नव्या वसाहतींत पाणी-सांडपाण्यासाठीच्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा कर धरून एकूण दर अडीच टक्क्यांच्या वरही जातो.

इथे एक उलट्या बाजूचा गैरसमजही दूर करायला हवा, कारण त्याच्या भीतीने लोक पाऊल उचलत नाहीत. “न्यू जर्सी सोडताना एक्झिट टॅक्स भरावा लागतो.” असा कोणताही वेगळा कर नाही. राज्याबाहेर गेलेला माणूस इथलं घर विकतो तेव्हा नफ्यावरच्या इन्कम टॅक्सचा आगाऊ हप्ता कापून घेतला जातो, एवढंच. जास्त कापला गेला तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो. पाचपैकी दोन वर्षं त्या घरात राहिलेल्या जोडप्याला पाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त असतो आणि विक्रीच्या वेळी योग्य फॉर्म भरला की सहसा हप्ताही कापला जात नाही. गेली वीस वर्षं ही अफवा आपल्या जेवणावळींतून फिरते आहे.

“इन्शुरन्स काय, सगळीकडेच असतो”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. न्यू जर्सीत वर्षाचा हप्ता भरून आपण विसरून जातो. फ्लोरिडात घर परवडणार की नाही हे कित्येकदा इन्शुरन्सच ठरवतो. खासगी कंपन्या दार लावून घेतात तेव्हा लोक सिटिझन्स या २००२मध्ये राज्याने काढलेल्या संस्थेकडे जातात. शेवटचा आधार म्हणून काढलेल्या या संस्थेच्या पॉलिसींचा आकडा २०२३मध्ये चौदा लाखांच्या घरात गेला होता.

पॉलिसीत दोन गोष्टी बघा. पहिली, वादळासाठीचा डिडक्टिबल. तो ठरावीक डॉलरांत नसून बहुतेकदा टक्क्यांत असतो: २, ५ किंवा १०. घराचा विमा चार लाखांचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर चक्रीवादळानंतर पहिले आठ हजार तुमच्या खिशातून जातात. छपराच्या दुरुस्तीला साडेसात हजार लागले, तर कंपनी एक पैसाही देणं लागत नाही. दुसरी गोष्ट, पूर. घराच्या साध्या पॉलिसीत पूर येत नाही. स्वयंपाकघरातला नळ फुटला तर भरपाई मिळेल, रस्त्यावरून उंबऱ्यात चढलेल्या पाण्याची मिळणार नाही. त्यासाठी वेगळा विमा लागतो. १९६८पासूनच्या केंद्र सरकारच्या योजनेत घराला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख मिळतात. आणि पॉलिसी काढल्यावर ती लागू व्हायला सहसा तीस दिवस लागतात, म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावपळ करण्यात अर्थ नाही.

“आमचं घर फ्लड झोनमध्ये नाही” असं म्हणून लोक निश्चिंत होतात. नकाशावरच्या ‘एक्स’ झोनचा अर्थ कर्ज देणारा पुराच्या विम्याची सक्ती करणार नाही, एवढाच. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनला पाणी शिरलेली बहुसंख्य घरं नकाशावरच्या ‘शंभर वर्षांच्या’ पूररेषेबाहेर होती. त्या शब्दांनीच घोळ घातलाय. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षांच्या मॉर्गेजच्या काळात ती होते २६ टक्के. चारांत एक. समुद्रापासून लांब गेलं की सुटलो असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं अॅशव्हिल डोंगरातलं गाव, हवामानाच्या संकटांपासून सुरक्षित म्हणून लोक तिथे राहायला जात होते. २०२४च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळाच्या पावसाने फुगलेल्या तिथल्या नद्यांनी वस्त्या वाहून नेल्या.

म्हणून घर आवडलं की किंमत पाडण्याआधी छप्पर कोणत्या वर्षीचं आहे ते विचारा. छप्पर जुनं असेल तर कंपन्या नकार देतात किंवा आधी ते बदलायला लावतात. घर २००२नंतरचं आहे का तेही बघा. १९९२च्या अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेची घरं जमीनदोस्त केल्यावर संपूर्ण राज्यासाठी बांधकामाची एकच कडक संहिता तयार झाली, ती त्या वर्षापासून लागू आहे. खिडक्यांची शटर, छपराची बांधणी यांची तपासणी करून घेतली तर हप्त्यात घसघशीत सवलत मिळते.

“घर नको, समुद्रावर छोटासा काँडो घेऊ”

२४ जून २०२१च्या पहाटे मायामीजवळच्या सर्फसाइडमधली चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १९८१ची बारा मजली काँडो इमारत कोसळली आणि ९८ माणसं गेली. दुरुस्तीचा मोठा खर्च समोर होता, त्यावरून मालकांमध्ये वाद चालू होते. त्यानंतर तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या इमारतींना तिसाव्या वर्षी (किनाऱ्याजवळ स्थानिक प्रशासनाने ठरवलं तर पंचविसाव्या) तपासणी आणि दुरुस्तीसाठी गंगाजळी साठवणं सक्तीचं झालं. हे योग्यच झालं. पण वर्षानुवर्षं कमी ठेवलेल्या वर्गण्यांची भरपाई आताच्या मालकांकडून होते आहे. जुना काँडो अचानक स्वस्त दिसला, तर आधी इमारतीचा तपासणी अहवाल आणि मालकांच्या संघाच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या.

“छोटं कर्ज, छोटा हप्ता”

जानेवारी २०२१मध्ये तीस वर्षांच्या मॉर्गेजचा सरासरी दर २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३मध्ये तो ७.७९वर गेला. तीन टक्क्यांनी घेतलेल्या चार लाखांच्या कर्जाचा हप्ता महिना १,६८६ डॉलर. ते घर विकून साडेसहा टक्क्यांनी तीन लाखांचंच कर्ज काढलं तरी हप्ता १,८९६. कर्ज लाखाने उतरलं, हप्ता दोनशेने चढला.

इतके खर्च मोजले, पण एसीच्या बिलाचा बाऊ मात्र करू नका. बाहेर उणे दहा असताना घर वीस अंशांवर ठेवायचं तर तीस अंशांची दरी भरावी लागते, बाहेर पस्तीस आणि आत पंचवीस असेल तर दहाचीच. इथलं हीटिंगचं बिल तिथे जवळजवळ संपतं. फक्त तिथला एसी वर्षातले बहुतेक महिने राबतो आणि लवकर थकतो, तेवढी तजवीज हवी.

मैत्रिणीचं घर कर्जमुक्त होतं, त्यामुळे तिचा कागद सोपा निघाला. इकडे टॅक्स साडेदहा हजार आणि विमा एकोणीसशे, मिळून बारा हजार चारशे. तिकडे टॅक्स सहा हजार तीनशे, सीडीडी अठराशे, विम्याचं कोटेशन आलं ते चार हजार आठशे, पूरविमा अकराशे, एचओए तीन हजार. सतरा हजार. स्वस्त घर वर्षाला चार हजार सहाशेने महाग. ती बराच वेळ गप्प बसली. मग नवऱ्याने पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘इथलं घर विकून हाती उरणारे दोन लाखांवर’, आणि त्याच्यापुढे ‘गुडघे’.

ते जाणार आहेत. लिंबाच्या झाडाचं घर त्यांनी सोडून दिलं. २००२नंतरचं, नवं छप्पर असलेलं, सीडीडी नसलेलं घर शोधताहेत. त्याआधी तिथेच सहा आठवडे भाड्याने राहून बघायचं ठरलंय, आणि तेही फेब्रुवारीत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, ऐन उकाड्यात आणि वादळांच्या दिवसांत.