कोकरांसाठी हलता निवारा

अकोला व अमरावती जिल्ह्यांत खरिपाची पिके निघाल्यावर खतासाठी मेंढ्या शेतात बसविल्या जातात. मुक्काम सारखा बदलत असल्याने कळपाला पक्का वाडा नसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान काही दिवस 10 अंश सेल्सिअसखाली उतरते. मोठ्या मेंढीला लोकरीमुळे ही थंडी सोसते. परंतु कोकरू ओले जन्मते. अंग सुकताना उष्णता जाते, त्यात वारा लागला की ते गारठते, आचळ चोखत नाही व सकाळपर्यंत दगावते. म्हणून ओल व वारा यांपासून त्याचे रक्षण करावे.

यासाठी बांबूच्या कमच्या वाकवून 6 फूट लांब, 4 फूट रुंद व 3 फूट उंच कमानीचा सांगाडा करावा. त्यावर तट्टा व ताडपत्री घट्ट बांधावी. असा निवारा दोघांना सहज उचलता येतो व त्यात 5 कोकरे मावतात. तोंड दक्षिणेकडे ठेवून रात्री गोणपाट सोडावे. मागील बाजूस वरती वीतभर झरोका ठेवावा. हवा कोंडल्यास मुत्राच्या वाफेने फुफ्फुसाचे विकार बळावतात. खाली 3 इंच कोरडे कुटार पसरावे व निवारा रोज कोरड्या जागी सरकवावा.

कोकरू जन्मताच कोरडे पुसून तासाभरात चीक पाजावा. पहाटे कोकराच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड गार लागल्यास ते आधी उबेला घ्यावे, सावध झाल्यावरच दूध पाजावे.