एक गुरू, सात शिष्य आणि रात्रभर खटखट!

दोस्तांनो, सोलापूरचा सात रस्ता तुम्हाला ठाऊक असेल. तिथं राहत नसलात तरी नावावरून कळेलच, एका चौकाला सात रस्ते येऊन मिळतात. आता डोळे मिटा आणि कल्पना करा. चौकाच्या मधोमध एक उंच घड्याळ आहे आणि सातही रस्त्यांवर एकेक घड्याळ टांगलंय. दर अर्ध्या मिनिटाला मधलं घड्याळ 'खट्' करतं आणि त्याच क्षणी सातही घड्याळांचे काटे टुणकन पुढं उडी मारतात. ना कुणाला चावी, ना कुणात सेल. जादू? छे! फक्त एक तार आणि चिमूटभर वीज.

अशी घड्याळं खरोखरच असतात. मधल्या घड्याळाला 'मास्टर क्लॉक' म्हणतात. आपण त्याला गुरुघड्याळ म्हणू या, आणि बाकीची त्याची शिष्यघड्याळं.

भोंग्याचं गाव

अशा घड्याळांची गरज का पडली? सोलापूरकरांना हे चटकन समजेल. इथं १८६० साली रेल्वे आली आणि १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. पुढं आणखी गिरण्या आल्या आणि सगळं गाव भोंग्यावर चालू लागलं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की पाळीला पळायचं. म्हणजे भोंगा हेच गावाचं गुरुघड्याळ!

पण मोठ्या कारखान्यात किंवा स्टेशनात पाच-पंचवीस घड्याळं असतील आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असेल तर? एक म्हणतं गाडी सुटली, दुसरं म्हणतं अजून चार मिनिटं आहेत. यावर तोडगा विजेनं काढला. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८४१ साली विजेच्या घड्याळाचं पेटंट घेतलं. १८९५ साली इंग्लंडमध्ये फ्रँक होप-जोन्स आणि जॉर्ज बॉवेल यांनी एक भरवशाची रचना शोधली. त्यातूनच 'सिंक्रोनोम' नावाची प्रसिद्ध घड्याळं जन्मली.

आवाज येतो कुठून?

गुरुघड्याळाच्या लाकडी पेटीत सुमारे एक मीटर लांबीचा लंबक असतो. त्याला एका बाजूकडून दुसरीकडे जायला एक सेकंद लागतो. जाऊन परत यायला दोन सेकंद. प्रत्येक फेरीत तो पंधरा दात्यांच्या चाकाचा एक दाता ओढतो. टिक्. पंधरा दाते झाले की तीस सेकंद भरले. मग एक छोटा दांडा सुटतो आणि खाली येताना लंबकाला हळूच ढकलतो. दमलेल्या लंबकाला तेवढाच खाऊ! खाली आलेला दांडा विजेची वाट जोडतो, विद्युतचुंबक त्याला झटक्यात वर फेकतो. खटाक्!

तीच वीज तारेतून सगळ्या शिष्यांकडे जाते. त्यांचे चुंबकही ओढले जातात, चाक एक दाता सरकतं आणि मिनिटकाटा अर्धा मिनिट पुढं जातो. खट्, खट्, खट्...

आता हिशेब करा. एका दिवसात २,८८० अर्धी मिनिटं. म्हणजे घरात एक गुरू आणि एक शिष्य असले तरी दोघांचे मिळून ५,७६० खटके. शिवाय दर दोन सेकंदांची टिकटिक दिवसाला ४३,२००! स्टेशनाच्या गोंगाटात हे कुणाला ऐकू येणार? पण रात्री अकरा वाजता, सात रस्त्यावरची वाहनं थांबल्यावर, दिवाणखान्यात?

घरात गुरू आणायचा तर...

क्वार्ट्झची घड्याळं आली आणि ही जुनी घड्याळं अडगळीत गेली. काही भंगारात वितळली. काही हौशी माणसांनी घरी आणली, तेल-पाणी करून पुन्हा चालू केली. पण हौस एकाची आणि जागरण साऱ्या घराचं, असं होऊन कसं चालेल? आजीची झोप, ताईची दहावी, शेजाऱ्यांचं तान्हं बाळ, यांचाही विचार हवाच.

तुम्हाला वाटेल, सोपं आहे, घड्याळाखाली जाड रबर लावू. थांबा! इथंच गंमत आहे. गुरुघड्याळ घट्ट बसलेलं नसेल तर लंबकाबरोबर पेटीही किंचित डुलते, लंबकाची शक्ती तिच्यात वाया जाते आणि वेळ चुकते. गुरूची बैठक पक्कीच हवी. म्हणून त्याला जाड दगडी किंवा विटांच्या भिंतीवर, झोपायच्या खोलीपासून लांब, जिन्यात किंवा पडवीत जागा द्यायची. पातळ फळीच्या भिंतीवर तर मुळीच नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यानं तारेचा आवाज भरदार होतो ना, तशी ती फळी खटका मोठा करते.

शिष्यांचं तसं नाही. त्यांना लंबक नसतो, म्हणून त्यांच्या मागं बनातीचा किंवा रबराचा तुकडा खुशाल लावा.

रात्री झोपायच्या खोलीतलं एखादं घड्याळ बंद करायचं असेल तर? त्याची तार नुसती सोडली की सगळीच बंद! कारण ही घड्याळं एकसर जोडणीत असतात. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की आख्खी माळ विझते, तसंच. म्हणून त्या घड्याळापुरता तारेचा जोड देऊन वीज पुढं जाऊ द्यावी लागते आणि सकाळी काटे हातानं जुळवावे लागतात. हे काम मात्र मोठ्या, जाणत्या माणसाचं. जुन्या तारांशी खेळ नको.

वीज गेली तर? गुरुघड्याळ बॅटरीवर चालतं, त्यामुळं घरात अंधार झाला तरी ते खटखटतच राहतं.

उन्हाळ्याची परीक्षा

सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगावं! धातू तापला की लांबतो आणि लंबक लांबला की घड्याळ मागं पडतं. पोलादी दांडीचा लंबक वीस अंश जास्त तापला तर दिवसाला सुमारे दहा सेकंद मागं पडेल. म्हणून चांगल्या घड्याळांत 'इन्व्हार' या मिश्रधातूची दांडी असते. ती इतकी कमी लांबते की तोच फरक एका सेकंदाच्या आसपास येतो. हा धातू १८९६ साली शार्ल गियोम यांनी शोधला. १९२० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या घराण्यातला सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणजे विल्यम शॉर्ट यांचं १९२१ सालचं घड्याळ. त्यात दोन लंबक होते, एक कामकरी आणि एक निर्वात नळीत आरामात झुलणारा. फरक वर्षाला सुमारे एक सेकंद! शॉर्ट हे रेल्वेचे इंजिनिअर. १९०६ साली सॅलिसबरीला झालेल्या रेल्वे अपघाताच्या चौकशीत त्यांनी काम केलं आणि तिथून त्यांना अचूक वेळेचा ध्यास लागला.

आई-बाबांना एक सांगणं : भंगारात असं घड्याळ दिसलं तर त्याला लोखंडाच्या भावानं जाऊ देऊ नका. एका मिनिटाची किंमत राखायला माणसानं किती डोकं लढवलं, ते त्या पेटीत दिसतं. ते घरी आणा, पण आणण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. बहुमतानं नव्हे, सगळ्यांना! ज्याची झोप सर्वांत सावध, त्याचं मत आधी.

करून पाहा

टिकटिक करणारं गजराचं घड्याळ आधी उशीवर ठेवा, मग पालथ्या घातलेल्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर. आवाजात काय फरक पडला? आता सांगा, गुरुघड्याळ तुमच्या घरात कुठल्या भिंतीवर लावाल?