देवगिरीची शिदोरी

२०२१ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती, पण माणसे सावरली नव्हती. त्यात सप्टेंबरच्या अखेरीस अतिवृष्टीने मराठवाड्यातले हाताशी आलेले सोयाबीन बुडवले. आम्ही चार मित्र दीड वर्ष केवळ फोनवर भेटत होतो. त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, आमचे गुरुजी. एप्रिलमध्ये त्यांचा धाकटा भाऊ गेला. शेवटचे तोंड पाहणेही झाले नाही. तेव्हापासून गुरुजी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघे त्यांच्या दारात उभे राहिलो.

"चला गुरुजी, देवगिरीला."

"भाई, पायांत बळ नाही राहिलं."

"मग आम्हाला इतिहास कोण सांगणार?" मी म्हणालो. थोडा वेळ थांबून त्यांनी चपला घातल्या.

पावसाळ्यानंतरचा देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, पाहण्यासारखा असतो. पडक्या वाड्यांच्या जोत्यांवर गवत माजलेले, त्यामागे पंधराव्या शतकातला उंच चांदमिनार. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि पुढे परत नेली. त्यापुढे चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा १६८७ नंतर इथे कैदेत होता.

खरी करामत पुढे आहे. सुमारे २०० मीटर उंचीच्या या डोंगराचे कडे तासून सरळ उभे केले आहेत. पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. तो ओलांडला की वाट शिरते 'अंधेरी'त, म्हणजे खडकात कोरलेल्या काळोख्या, वळणदार भुयारात. पायऱ्या उंचसखल, धावत येणारा अडखळलाच पाहिजे. भुयाराच्या वरच्या तोंडाशी जाळ करून आत धूर कोंडण्याची सोय होती.

त्या काळोखात गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चार-पाच पायऱ्या चढल्यावर ते अचानक भावाविषयी बोलू लागले. लहानपणी तो अंधाराला किती भ्यायचा, हे सांगू लागले. कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. आम्ही फक्त ऐकत होतो. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते त्याच्याविषयी बोलत होते.

वर बारादरीपाशी बसल्यावर डबे उघडले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. गुरुजींमधला शिक्षक जागा झाला. "एवढा अभेद्य किल्ला, मग तो पडला कसा?" त्यांनी विचारले आणि उत्तरही त्यांनीच दिले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला, तेव्हा रामदेवरायाची मोठी फौज बाहेर गेली होती. घाईघाईने गडावर चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी आख्यायिका आहे. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला, तेव्हाही आतले अन्न संपत गेले आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याला किल्ला सोडावा लागला. तासलेला कडा शत्रूला अडवतो, भुकेला नाही.

गुरुजी थांबले. मग म्हणाले, "मीही सहा महिने दारं लावून बसलो होतो. आतली शिदोरी संपत आली होती."

यावर आम्ही काय बोलणार? मी भाकरीचा तुकडा पुढे केला.

या गडाला आणखी एक आठवण आहे, मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ती फार जवळची वाटते. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार. त्यांचे गुरू चांद बोधले हे सूफी, असे परंपरा मानते. श्रीगोंद्याचे मराठी संतकवी शेख महंमद हेही चांद बोधल्यांचेच शिष्य. तोफांच्या या गडावर एक शिदोरी अशीही साठली होती. ती मात्र पाचशे वर्षांत संपलेली नाही. पैठणला नाथषष्ठीला जाणारे वारकरी ती आजही खातात.

उतरताना ऊन कलले होते. दरवाजाबाहेर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. गुरुजींनी घासाघीस करून डझनभर घेतली. मी विचारले, "एवढी कुणाला?"

"भावाच्या मुलांना," ते म्हणाले. "जाताना त्यांच्या घरावरून जाऊ."