चहावर चालणारा रणगाडा

ब्रिटिश रणगाडा इंधनावर नव्हे, चहावर चालतो, हा इंटरनेटवरच्या लष्करी यंत्रांच्या शौकिनांचा लाडका विनोद. कधी न भेटलेली माणसेही तो लगेच उचलून धरतात. गंमत म्हणजे त्यात बरेच तथ्य आहे.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यावरचे ब्रिटिश सैनिक खाली उतरत, कापलेल्या पत्र्याच्या डब्यात वाळू भरून तिच्यावर पेट्रोल ओतत आणि त्या जाळावर चहाचे आधण ठेवत. तलफ भागे, पण चिलखताबाहेरचा सैनिक शत्रूच्या माऱ्यात उघडा पडे. युद्धानंतर सेंच्युरियन रणगाड्यात पाणी उकळायचे विजेचे भांडेच बसवले गेले. बंद डब्यातले तयार जेवणही त्यात गरम होते, त्यामुळे ही चैन नव्हे, शहाणपणाची सोय आहे.

अशा थट्टेत अमेरिकेची आइस्क्रीमची हौसही निघतेच. तिच्या नौदलाने १९४५ मध्ये पॅसिफिक महासागरात खास आइस्क्रीम बनवण्यासाठी काँक्रीटचा एक तराफा ठेवला होता. चहाचे भांडे मात्र आजच्या चॅलेंजर २ रणगाड्यातही आहे.