पाऊस ओसरला की रानात चला, पण धरणात उतरू नका

जुलै-ऑगस्टचा रविवार उजाडला की कर्जत आणि खोपोली लोकल पोरांनी भरून येतात. भिवपुरी रोडला निम्मा डबा उतरतो. कुणी धबधब्याकडे, कुणी पाली-भुतिवलीच्या धरणाकडे, कुणी सोलनपाड्याला. आणि सोमवारच्या पेपरात आतल्या पानावर बातमी असते : धरणात बुडून तरुणाचा मृत्यू. गेलेला मुलगा बहुतेक वेळा विशी-बाविशीचा असतो, आणि पुष्कळदा आपल्याच वस्त्यांसारख्या वस्तीतला.

पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर जायला प्रशासन बऱ्याचदा मनाई आदेश काढते. तो पाळायचाच. पण "जाऊ नका" एवढे सांगून आरोग्याचे काम संपत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, मुलांना खेळायला गटाराकडेची पट्टी आणि बायांना बसायला उंबरठा. त्यांना रान दाखवायचे नाही तर कुणाला? म्हणून कधी जायचे, कुठे जायचे आणि पाण्याशी कसे वागायचे, ते आम्ही इथे मांडतो.

कधी जायचे याचे उत्तर आपल्या धम्मात आहेच. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. या तीन महिन्यांत भिक्खूंनी हिंडू नये, एका जागी राहावे, असा नियम भगवंतांनी घातला. पावसात फिरणाऱ्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती, हे विनयपिटकात आले आहे. पावसाळ्यात वाट निसरडी होते, ओढा तासाभरात चढतो, दरड कधी सुटेल ते सांगता येत नाही. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असताना घरातला मुलगा सांडव्याखाली उभा राहून फोटो काढत असेल, तर त्याला हा नियम समजावून सांगावा. सहल ठेवायची ती अश्विन पौर्णिमेनंतर, ऑक्टोबरचे ऊन उतरले की. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत वाटा कोरड्या असतात आणि हवा गार.

चालण्याबद्दलही तथागतांचे सांगणे स्पष्ट आहे. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तात चंक्रमणाचे पाच लाभ दिले आहेत : लांबचा प्रवास झेपतो, कष्ट करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मनाची एकाग्रता टिकते. आज मधुमेहाच्या माणसाला डॉक्टर याहून वेगळे काय सांगतात? पण आपल्या बाया "आम्ही दिवसभर चालतोच की" म्हणतात. धुणीभांड्यांची चार घरे करणे म्हणजे चालणेच, पण वाकून, ओझे घेऊन, घड्याळाच्या धाकात. हातात पिशवी नाही, डोक्यावर हंडा नाही आणि कुणाच्या घरची वेळ गाठायची नाही, असे चालणे कित्येकींनी लग्नानंतर केलेलेच नसते. आम्ही वस्तीतल्या बायांना घेऊन जातो तेव्हा पहिला अर्धा तास त्या पळतातच. हळू चाला, हे दर दहा मिनिटांनी सांगावे लागते.

पहिली सहल कोंडाण्याची करा. कर्जत स्टेशनहून टमटमने कोंदिवडे, तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातून लेण्यांपर्यंत लहान मुले धरून तास-दीड तास. चढ आहे, पण भीतीचा नाही. खाली उल्हास नदीचे खोरे आणि वर कातळात कोरलेले चैत्यगृह आणि विहार. हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. लाकडी घराच्या कमानी, सज्जे जसेच्या तसे दगडात उतरवले आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशी नोंद आहे. राजाचे नाही, शिष्याचे नाव दगडावर आहे, हे मुलांना दाखवा. पावसात लेण्यांच्या तोंडावरून पाणी कोसळते, त्याचे फोटो बघून गर्दी जमते आणि दगडही सुटतात. हिवाळ्यात तिथे सावलीत बसून वंदना घेता येते. मेणबत्त्या भिंतीपासून लांब ठेवा, आणि खडूने नावे लिहिणाऱ्यांत आपली मुले नकोत.

गाडीभाड्याला पैसे नसतील तर पाली-भुतिवली बरे. भिवपुरी रोड स्टेशनहून पायीच जाता येते. समोर माथेरानचा डोंगर, मध्ये धरणाचे पाणी आणि कडेला आदिवासी वाड्या. पुढे गारबेट पॉइंटची चढण लागते. ती गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी करू नये. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे आणि तिथे मोटारी चालत नाहीत, त्यामुळे झाडीतल्या सपाट वाटांवर म्हाताऱ्या माणसांनाही चालता येते. शार्लोट तलाव हे तिथल्या लोकांचे पिण्याचे पाणी, तो काठावरून पाहायचा. (माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा तिथे सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. आपण तिथे आपल्या पायांनीच फिरावे.) खालापूरचे मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचे, तिथे परवानगीशिवाय शिरू नये. त्याच परिसरात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक ठाकर माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. ती जागा "बघायला" जाऊ नये, असे आमचे मत आहे.

वाड्यांमध्ये गेलो तर विचारून बसायचे. त्यांच्या विहिरीवर हात धुवायचे नाहीत. पाण्यासाठी महाडला, याच जिल्ह्यात, १९२७ साली आपली माणसे मार खाऊन उभी राहिली. दुसऱ्याचे पिण्याचे पाणी घाण करणे आपल्याला शोभत नाही.

आता मुख्य धोका. धरणाचे पाणी वरून शांत दिसते, पण तळ एकसारखा नसतो. काठाला गुडघाभर आणि दोन पावलांवर डोक्यावर. खाली गाळ असतो, पाय रुततात. बांधाच्या दगडांवर शेवाळ असते, घसरलेल्याला उतारावरून वर येता येत नाही. पोहणारा मुलगाही थंड पाण्यात दमतो, आणि दारू घेतलेला तर लगेच. म्हणून आमच्या सहलीत नियम एकच : कुणीही उतरायचे नाही, पाय धुवायलासुद्धा. पाचवे शील त्या दिवशी सर्वांनी पाळायचे. लहान मुलांवर लक्ष ठेवायला एक मोठे माणूस नावाने ठरवायचे, कारण "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाही.

कुणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी मारू नका. एकाला वाचवताना दोघे-तिघे जातात ते यामुळेच. काठावर आडवे होऊन साडी, ओढणी, काठी किंवा रिकामा बंद कॅन त्याच्याकडे फेका. बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबा, दोन श्वास द्या, असेच चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच, फुप्फुसात पाणी गेलेल्याला काही तासांनी धाप लागू शकते.

निघण्याआधी तयारी साधीच आहे. बीपीची गोळी त्या दिवशीही घ्यायची. मधुमेहवाल्यांनी उपाशी चालू नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घाम सुटला, हात थरथरले की बसून आधी तो खावा. दम्याचा पंप पिशवीच्या तळाशी नको, हाताशी हवा. छातीत दुखणारे आणि दिवस भरत आलेल्या बाया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नये. दोन जिन्यांत दम लागतो, डोळ्यांची आतली बाजू पांढरी दिसते, अशा बायांनी आधी रक्त तपासून घ्यावे. उकळलेले पाणी माणशी दोन लिटर. त्रास झाला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चप्पल नको, मागे पट्टा असलेले काहीही चालेल.

साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका, भगताकडे तर नाहीच. हातपाय न हलवता त्या माणसाला उचलून खाली आणा. सर्पदंशाची लस कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यात मिळते.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील, त्याला गोळी लागत नाही. एकच पाय सुजला, तर मात्र दाखवा. आणि नियम मोडून कुणी साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात उतरले असेल, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याला ताप, अंगदुखी, डोळे लाल असे काही झाले, तर डॉक्टरांना "पाण्यात गेलो होतो" हे स्वतःहून सांगा. लेप्टोचा ताप साध्या तापासारखाच सुरू होतो, आणि न विचारता कुणी त्याची तपासणी लिहून देईलच असे नाही.