अनवाणी पायांची वाट
अंकुशकृमी तोंडावाटेच पोटात जातो, असा वैद्यकाचाही दीर्घकाळ समज होता. कैरो येथे आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर या कृमीच्या अळ्यांचे पाणी सांडले. पुढे त्याच्याच विष्ठेत कृमीची अंडी आढळली. 1898 साली त्याने हे प्रसिद्ध केले. उघड्यावरील विष्ठेतील अंडी ओलसर, सावलीच्या मातीत उबतात. अळी अनवाणी तळव्यातून रक्तात, फुप्फुसांत, घशात आणि अखेर आतड्यात पोहोचते व तेथे रक्त पिते. शेतात राबणाऱ्या बाईची धाप केवळ अपुऱ्या अन्नाचीच असते असे नाही! 2015 पासून शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. ती आतड्यातील कृमी मारते. मातीतील अळ्या तशाच राहतात. घराजवळ शौचकूप नसेल, तर त्याच बांधावरून अनवाणी चालताना मुलाला पुन्हा कृमी होतात.