जुन्या संगणकास घड्याळाची जोड

गेल्या गणपतीपूर्वीं माळा झाडतांना आमच्या घरांतील जुना बीबीसी मायक्रो संगणक खालीं आला. जोडून पाहतों तों यंत्र सुरू झालें, आणि कै. दादांनीं ठेवलेले घरखर्चाचे हिशेब जसेच्या तसे पडद्यावर उमटले! आंकडे सारे शाबूत; परंतु कोणता हिशेब कोणत्या वर्षाचा, हें सांगावयास आतां कोणी उरलें नाहीं.

हा दोष दादांचा नव्हे, यंत्राच्या घडणीचा आहे. इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीनें तें १९८१ सालीं बाजारांत आणलें. १९८४ सालीं आपल्या सरकारनें शाळांतून संगणकशिक्षणाची योजना आंखली तेव्हां हींच यंत्रें निवडलीं. म्हणून कित्येक वाचकांस तीं आठवत असतील. त्याच्या बेसिक भाषेंत ‘टाइम’ नांवाची एक संख्या आहे. ती सेकंदाचा शंभरावा हिस्सा मोजीत पुढें सरकते. पण वीज गेली कीं पुन्हां शून्यापासून आरंभ! म्हणजे यंत्रास काळ मोजतां येतो, वेळ मात्र कळत नाहीं. फ्लॉपीच्या सूचींतही तारखेस जागा ठेवलेली नाहीं. पुढें १९८६ सालच्या ‘मास्टर’ यंत्रांत कंपनीनें बॅटरीवर चालणारें घड्याळ घातलें.

जुन्या यंत्रास ती जोड आज घरींही देतां येते. डीएस १३०७ नांवाची आठ पायांची चिप, तीन व्होल्टांचा बटन-सेल आणि क्वार्ट्झचा स्फटिक, हें मुख्य साहित्य. स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो, तोच सेकंदाचा ठोका. संगणकाच्या पोटाखालीं ‘यूजर पोर्ट’ आहे. तेथून पांच व्होल्टांची वीज मिळते. शिवाय दोन तारा जोडल्या कीं एकीवरून ताल व दुसरीवरून माहिती जाते. संगणक बंद असतांना सेल घड्याळ चालतें ठेवतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कांहीं जुन्या संगणकांत, उदाहरणार्थ कमोडोरच्या अमिगाला जोडावयाच्या जादा मेमरीच्या पाटीवर, घड्याळासाठीं चार्ज होणारी बॅटरी कायमची डाखलेली असे. कालांतरानें ती पाझरली आणि तिच्या क्षारानें तांब्याच्या रेषा खाल्ल्या. घड्याळाच्या बॅटरीनेंच यंत्राचा घात केला! म्हणून सेल बाहेर, वेगळ्या डबींत बसवावा. डबीचें झांकण स्क्रूनें पक्कें करावें. कारण असा सेल मुलानें गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजूं शकते. नुसती शंका आली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें.

आम्हीं ही जोड दिली. दादांच्या हिशेबांवर आतां तारखा उमटणार नाहींत, हें खरें. परंतु परवां आमच्या पुतण्यानें त्याच संगणकावर वाणसामानाची यादी केली, तेव्हां त्यानेंच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनें घड्याळास विचारून तिच्या माथ्यावर दिनांक घातला. पुढेंमागें ती यादी ज्याच्या हातीं पडेल, त्यास आमच्यासारखें अडून बसावें लागणार नाहीं.